दोन झाकणांची फाईल

काशीनाथराव मेश्रामांनी आयुष्यात तीन कोटेशनं मागवल्याशिवाय एकही वस्तू घरात आणली नाही. अपवाद लग्नाचा. तिथे भंडाऱ्याहून एकच स्थळ आलं आणि ते त्यांनी जागच्या जागी मंजूर करून टाकलं. पण तेव्हा ते सरकारी नोकरीत लागायचे होते, म्हणून ती चूक धरू नये. पुढे दिल्लीत एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं बसल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये कुकर आला तो फाईलवर, पडदे आले ते फाईलवर, आणि मुलगी लुंबिनी शाळेत असताना तिला कंपासपेटी हवी झाली तेव्हा तिने रीतसर अर्ज केला होता, 'प्रस्तावित' या शब्दासकट. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला आवक आणि जावक असे दोन ट्रे असत. नवखे पाहुणे त्यात चमचे ठेवत.

अशा घरात एखादं वचन बत्तीस वर्षं प्रलंबित राहावं यात नवल नाही. लग्नानंतरच्या पहिल्या बुद्ध पौर्णिमेला प्रभावतीबाईंनी एका मासिकात हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या ताबोच्या विहाराचा फोटो पाहिला होता. हजार वर्षांच्या मातीच्या भिंती आणि मागे उघडाबोडका डोंगर. "एकदा पौर्णिमेला इथे जाऊन दिवा लावू," त्या म्हणाल्या, आणि काशीनाथराव "नक्की" म्हणाले. मग बदली आली, बाळंतपण आलं, लुंबिनीची दहावी, सासूबाईंचं आजारपण, लुंबिनीची बारावी, रस्ता खचल्याची बातमी आणि एका वर्षी तर रस्ता खचलेला नाही पण खचू शकतो अशी बातमी. ही शेवटची बातमी खुद्द काशीनाथरावांनीच कुठूनशी आणली होती.

प्रभावतीबाई एका सरकारी रुग्णालयात सिस्टर. यंदा त्यांनी दोन सणांच्या, दुसऱ्यांच्या वाट्याच्या ड्यूट्या स्वतःच्या अंगावर घेऊन मे महिन्यात आठ दिवसांची रजा मिळवली, आणि मार्चमधल्या एका सकाळी डबा भरता भरता सांगून टाकलं, "या पौर्णिमेला जायचं. नाही जमलं तर मी पुन्हा विचारणार नाही."

आवाजात राग नव्हता. असता तर काशीनाथरावांना बरं वाटलं असतं, कारण रागाला उत्तर देता येतं. त्या दिवशी ऑफिसात त्यांचं लक्ष लागलं नाही, आणि आठवडाभरात त्यांनी, अर्थात तीन कोटेशनं घेऊन, एक जुनी फोर बाय फोर पिकअप विकत घेतली. उंच, राखाडी, धुराची थोडी हौस असलेली. काशीनाथराव तिच्यात चढून बसले की पलटणीचे कमांडर दिसत, मात्र मुनिरकाचा फ्लायओव्हर चढताना ते तिला पहिल्याच गिअरमध्ये नेत आणि मागे हॉर्नची वरात लागे.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते मुनिरकाच्या धीरजमुळे. धीरज हा पंचवीस वर्षं गाड्यांखाली काढलेला मिस्त्री; तो बॅटरी घेऊन पिकअपखाली शिरला, बाहेर आला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं त्याने काशीनाथरावांना बाजूला घेतलं.

"सर जी, स्पिती जाओगे? इस डिफ्रेन्शियल के कव्हर पे?"

काशीनाथराव पँट सांभाळत वाकले. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध एकेक लोखंडी भोपळा लोंबत होता. चाकं फिरवणारे सगळे दाते, म्हणजे धीरजची गरारी, त्या भोपळ्यात, तेलात बुडालेले, आणि त्यावर पातळ पत्र्याचं झाकण. "एक पत्थर लगा, ये अंदर दब जाएगा, गरारी इसी को काटेगी, तेल खतम, गाडी वहीं खडी," धीरज म्हणाला. "मोटा वाला लगवाओ, बाहर का. दोनों का."

घरी येऊन काशीनाथरावांनी नवी फाईल उघडली. विषय: मजबूत झाकणे, नग दोन.

"झाकणासाठी फाईल?" प्रभावतीबाई म्हणाल्या.

"अगं, प्राणाशी गाठ आहे. तिथे दरीत काही झालं म्हणजे?"

काशीनाथरावांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे काही उमटलं त्याला निश्चिंतपणा म्हणावा लागेल. बत्तीस वर्षांत प्रथमच त्यांना एक ठोस, लोखंडी अडचण मिळाली होती.

खरेदी समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः. तांत्रिक सदस्य धीरज, ज्याला आपण सदस्य आहोत हे कधीच कळलं नाही. आणि वित्त सदस्य म्हणून तळमजल्यावरचे विश्वास साने. सान्यांच्या तीन पिढ्या दिल्लीत गेल्या. स्वतः ते लेखापरीक्षणात, आणि इतरांच्या कामात आक्षेप काढणं ही त्यांची नोकरी होती तशीच करमणूकही. ते चहा प्यायला म्हणून वर येत आणि पेन्सिल घेऊन येत.

पहिली फेरी कश्मीरी गेटच्या मोटर पार्ट्सच्या बाजारात झाली. पहिल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "दस बोल्ट या बारह बोल्ट?" काशीनाथराव म्हणाले, "दोन्हींचे दर सांगा." दुकानदाराने मान वर केली, त्यांना नीट पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मग बोल्ट मोजायला घरी. गल्लीत गाडीखाली वाकलेला माणूस दिसला की आर. के. पुरममध्ये कोणी तसंच पुढे जात नाही. दुसऱ्या मजल्यावरचे खन्ना वाकले, दूधवाला वाकला, समोरच्या ब्लॉकमधल्या सरला मॅडम कुत्र्यासकट वाकल्या. खन्नांना नऊ बोल्ट दिसले, दूधवाल्याला अकरा. सरला मॅडम म्हणाल्या, की त्यांच्या भावाने अशीच गाडी घेतली होती आणि तो आता स्कूटर चालवतो. शेवटी धीरजने येऊन मोजले आणि दहा भरले. काशीनाथरावांनी त्याच्याकडून तसं लिहून, सही करून घेतलं.

एवढं झाल्यावर मामला सुटायला हवा होता. पण मसुदा सान्यांच्या पेन्सिलीखाली गेला.

"मेश्राम, हे काय लिहिलंय? दहा बोल्ट, इतका व्यास, इतकी जाडी, एवढा उंचवटा?"

"मापं आहेत ती, सानेसाहेब."

"बिल्कुल चालणार नाही. ही मापं एकाच व्हेंडरला सोयीची आहेत. उद्या कुणी म्हणेल, स्पेसिफिकेशन एकासाठीच बेतलं. स्पर्धा खुली पाहिजे, यार."

"पण झाकण बसायला तर पाहिजे."

"ते नंतरचं. आधी खरेदी निर्दोष पाहिजे."

दुसऱ्या कोणी हे ऐकून सान्यांना जिना दाखवला असता. काशीनाथराव मात्र विरघळले, कारण हाच आक्षेप त्यांनी स्वतः एकतीस वर्षं लोकांच्या मसुद्यांवर घेतला होता. त्यांनी दहा बोल्ट खोडले आणि लिहिलं, 'योग्य संख्येने बोल्ट.' व्यास खोडून लिहिलं, 'प्रचलित आकार.' स्पर्धा आता इतकी खुली झाली की तीत पिठाच्या डब्याचं झाकणसुद्धा उतरू शकलं असतं.

कोटेशनं यायला एप्रिल उजाडला. एक कश्मीरी गेटचं, परदेशी मालाचं. ते वाचून काशीनाथराव खुर्चीत मागे टेकले. दुसरं गुरुग्रामच्या एका दुकानाचं, जिथली दाढीवाली मंडळी त्यांना 'ब्रो' म्हणाली, आणि काशीनाथरावांनी ते मनाला लावून घेतलं. तिसरं मिळेना. तीन नाहीत तर निर्णय नाही. दर शनिवारी ते मेट्रोने कश्मीरी गेटला जात आणि तिसरं कोटेशन न मिळवता परत येत. शेवटी लुंबिनीनेच कंटाळून मोबाईलवर शोधून पानिपतचे एक कारखानदार काढले, अनुरागजी. हे हातमागाच्या आणि चादरींच्या यंत्रांचे सुटे भाग ओतत. डिफ्रेन्शियलचं झाकण त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि म्हणूनच की काय, त्यांचा दर सगळ्यांत कमी होता.

"बाबा, हे सतरंजीवाले आहेत," लुंबिनी म्हणाली.

"एल-वन आहेत," काशीनाथराव म्हणाले. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला त्यांच्या खात्यात एल-वन म्हणत, आणि एल-वनला डावलणं हे काशीनाथरावांच्या लेखी पापच.

"मराठी माणसाने पानिपतला ऑर्डर द्यावी का, हा मुद्दा मी फाईलवर घेत नाही," साने म्हणाले, "पण तोंडी सांगून ठेवतो."

अनुरागजींनी नमुना मागितला. धीरजने दोन्ही झाकणं उतरवली, गाडी विटांवर चढली, आणि काशीनाथरावांनी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकार काढला. खोका लहान पडला म्हणून दोन खोके सुईदोऱ्याने जोडले, टाके प्रभावतीबाईंचे. टाके घालताना त्या एवढंच म्हणाल्या, "पौर्णिमेला सोळा दिवस राहिले."

"होतंय, होतंय."

"नाचता येईना अंगण वाकडं," त्या दोरा तोडत म्हणाल्या. काशीनाथरावांना ते पुठ्ठ्याबद्दल वाटलं.

आणि मग सान्यांनी शेवटचा घाव घातला. नवीन माल येण्याआधी जुना निकालात काढला पाहिजे, नाहीतर एका गाडीवर दोन संच दिसतील. हे तर काशीनाथरावांनाही पाठ होतं. जुनी झाकणं निरुपयोगी ठरवून भंगारवाल्याला दिली गेली. आता गाडीला जुनं झाकण नव्हतं, नवं नव्हतं, आणि धीरजने खाली ठेवलेली परात भरून उरलेलं तेल गल्लीतून वाहत कॉलनीच्या हिरवळीपर्यंत पोचलं. गवताचा एक हातभर पट्टा जळाला. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या देखभाल कार्यालयाची नोटीस दाराला चिकटली. ज्युनियर इंजिनीअर, म्हणजे जेई साहेब, शनिवारी सकाळी अकराला पाहणीसाठी येतील, क्वार्टरधारकाने जातीने हजर राहावं. शनिवारी पहाटे तर निघायचं ठरलं होतं. काशीनाथरावांनी मुदतवाढीचा अर्ज दिला. अर्ज चुकीच्या खिडकीवर दिला गेला होता, हे त्यांना बरोबर खिडकीवर कळलं, आणि ती त्या दिवशी बंद होती.

या धामधुमीत मंगळवारी संध्याकाळी त्यांना आवक ट्रेमध्ये झाकणांची फाईल दिसली. ती त्यांनी तिथे ठेवली नव्हती. उघडली तर शेवटच्या पानावर प्रभावतीबाईंचं गोल, रेखीव अक्षर. पानभर मजकूर आणि खाली काहीतरी टाचलेलं. हिचा खर्चाबद्दल आक्षेप असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. त्याच वेळी पानिपतचा फोन आला. अनुरागजी सांगत होते की माल शुक्रवारी तयार होईल पण पोचवता येणार नाही, येऊन न्यावा लागेल. काशीनाथरावांनी फोन खांद्यात धरला, "हां जी, हां जी" करत समासात सही केली, वर लिहिलं 'पाहिले', तारीख घातली आणि फाईल जावक ट्रेमध्ये टाकली. एकतीस वर्षांत अशा सह्या किती झाल्या असतील याचा हिशेब नाही.

बुधवारी सकाळी प्रभावतीबाईंनी विचारलं, "फाईल पाहिली?"

"पाहिली की. सही केलीये."

"मग?"

"मग काय, शुक्रवारी पानिपतला जाऊन झाकणं घेऊन येतो. संध्याकाळी धीरज बसवेल. शनिवारी पहाटे निघू, जेईंचं तेवढं बघतो."

त्यांनी एकदा जावक ट्रेकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

शुक्रवारी काशीनाथराव पानिपतला पोचले. अनुरागजींनी चहा पाजला, लस्सी पाजली, चादर दाखवली, आणि मग पोत्यातून झाकणं काढली. काय झाकणं होती! बिडाची, जाड, काळी, प्रत्येकी अकरा किलो. तोफगोळा अडवतील अशी. काशीनाथरावांनी बोटाने भोकं मोजली. बारा. पुन्हा मोजली.

"अनुरागजी, हमारे में दस हैं."

"कागज में लिखा है 'योग्य संख्या'," अनुरागजी आपुलकीने म्हणाले. "हमने सोचा, सरकारी आदमी हैं, दो ज्यादा दे देते हैं."

"और वो गत्ता? नमुना?"

"वो मिठाई का डिब्बा? हमने समझा, मिठाई रास्ते में किसी ने खा ली."

काशीनाथरावांना खाली बसावंसं वाटलं, पण खाली ओतकामाची वाळू होती. कागद त्यांचाच होता, शब्द त्यांचेच होते, आणि स्वतःच्या हातच्या कागदाविरुद्ध बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मालाची पोच लिहून दिली. धीरज काहीतरी करेल, दोन भोकं बुजवेल, असं स्वतःला समजावत ते बावीस किलोंचं पोतं घेऊन दिल्लीच्या बसमध्ये बसले.

चार वाजता बस कश्मीरी गेटच्या अड्ड्यावर लागली. पोतं कधी खांद्यावर, कधी मांडीवर आपटत ते फलाटांमधून मेट्रोकडे निघाले. डाव्या हाताला हिमाचलच्या बसेस उभ्या होत्या, कंडक्टर "रिकाँग पिओ, पिओ" ओरडत होता. काशीनाथरावांनी तिकडे पाहिलंही नाही, कारण मान पोत्याच्या बाजूला वळत नव्हती. मेट्रोच्या तपासणीत पोतं यंत्रातून गेलं आणि पडद्यावर दोन काळी, गोल, जाड बिंबं उमटली. जवानाने त्यांना बाजूला घेतलं.

"ये क्या है?"

"डिफ्रेन्शियल कव्हर."

"किस का?"

"गाडी का. ॲक्सल होता है ना, उसके बीच में..."

जवानाने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांना काशीनाथरावांनी पहिल्यापासून सांगितलं: भोपळा, दाते, दगड, स्पिती. वरिष्ठ समजूतदार होते. त्यांनी अर्ध्या तासाने पोतं सोडलं, पण मेट्रोत नाही, बाहेर. "अंकल, ऑटो कर लो," ते म्हणाले. खांद्यावर वळ उठला होता आणि शर्ट काळा झाला होता. मंत्रालयात उपसचिव ज्यांना 'मेश्रामजी' म्हणून बोलावतात त्या माणसाला संपूर्ण रांगेसमोर अंकल म्हटलं गेलं होतं.

सहा वाजता ते घरी पोचले. लुंबिनी दारात होती.

"आई कुठे आहे? म्हणावं, पाणी दे आधी."

"बाबा, आई गेली ना. साडेचारची बस होती."

"कुठली बस?"

लुंबिनीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की काशीनाथराव पोतं तिथेच सोडून थेट जावक ट्रेकडे गेले. फाईल तिथेच होती. या वेळी त्यांनी पान पहिल्या ओळीपासून वाचलं.

'विषय: ताबो प्रवास. वरील सर्व पानं वाचली. अडचण झाकणाची नाही, असं माझं मत आहे. तुम्हाला डोंगरात गाडी चालवायची भीती वाटते. वाटू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मला पहिल्या वर्षी इंजेक्शन द्यायची वाटायची. मी तीन पर्याय तपासले: आपली गाडी, टॅक्सी, हिमाचलची सरकारी बस. बस एल-वन. ड्रायव्हर त्यांचा, डिफ्रेन्शियलही त्यांचं. गेल्या दोन महिन्यांत तुम्ही सात वेळा कश्मीरी गेटला गेलात. बसअड्डा तिथेच आहे. शुक्रवार दुपारी साडेचारच्या रिकाँग पिओच्या बसची (पुढे ताबोची बस बदलायची) दोन तिकिटं काढली आहेत, तुमचं सोबत टाचलं आहे. यायचं नसेल तर तसं सांगा, मी आग्रह करणार नाही. आदेशार्थ सादर. प्रभावती.'

आणि समासात, ठसठशीत: पाहिले. का. मे.

तिकीट टाचणीसकट तसंच होतं. सीट नंबर अठरा. खिडकीजवळची.

"मी म्हटलं आईला, एकदा विचार ना परत," लुंबिनी म्हणाली. "ती म्हणाली, त्यांनी वाचून सही केलीये, पानिपतला जातो म्हणून तोंडीही सांगितलं. अजून काय विचारायचं?"

काशीनाथरावांना भीती वाटत होती, हे खरं होतं. फार वर्षं वाटत होती. एका बाजूला दरी असलेला रस्ता नुसता डोळ्यांसमोर आणला तरी त्यांचे तळवे ओले व्हायचे, आणि हे तिला कळू नये म्हणून त्यांनी काय काय केलं होतं! दहावी, बारावी, खचलेले रस्ते, शेवटी बावीस किलो बीड. आणि तिला हे सगळं माहीत होतं, कदाचित त्यांच्याही आधीपासून. त्यांनी फोन लावला.

"पोचलात?" मागे इंजिनाचा आवाज होता. "जेवण काढून ठेवलंय."

"प्रभा, मी वाचलं नव्हतं गं. सही केली, पण वाचलं नव्हतं."

पलीकडे पिशवी सरकवल्याचा आवाज झाला.

"मला वाटलं वाचलंत," त्या म्हणाल्या. "तुमच्या सीटवर मी पिशवी ठेवलीये. ऐका, उद्याही साडेचारची बस आहे. कंडक्टरला विचारून घेतलंय. पिओला मी एक दिवस थांबेन."

काशीनाथरावांनी तोंड उघडलं. त्यांना 'येतो' म्हणायचं होतं, शपथेवर सांगतो, तोच शब्द ओठांवर होता.

"उद्या जेई साहेब यायचेत," ते म्हणाले. "पाहणीला. जातीने हजर राहा म्हणून नोटीस आहे."

बोलून झालं आणि ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं: पाहणी अकराची होती, बस साडेचारची. पलीकडून राग आला नाही, रडणं आलं नाही.

"ठीक आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या. "त्यांना चहा द्या. साखर वरच्या डब्यात आहे."

शनिवारी जेई आले नाहीत. रविवारी सुट्टी. विटांवरच्या गाडीजवळ जाऊन साने वाकून पाहून आले आणि म्हणाले, खरेदीत दोष काढायला जागा नाही. सोमवारी पौर्णिमा होती. दुपारी मोबाईलवर फोटो आला: मातीची भिंत, मागे उघडाबोडका डोंगर, पायरीवर पांढऱ्या साडीत प्रभावतीबाई. काशीनाथरावांच्या अंगठ्याने सवयीने 'पाहिले' लिहून टाकलं. ते त्यांनी खोडलं आणि फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नीट पाहिला. पायरीवर पिशवी होती, आणि पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा लावलेला होता.

उत्तर लिहायला त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला. तेवढ्यात बेल वाजली. दारात, पौर्णिमेची सुट्टी असूनही, वही घेऊन जेई साहेब उभे होते. काशीनाथरावांनी त्यांना बसवलं आणि आत जाऊन चहा टाकला. साखर वरच्या डब्यातच होती.